बाविसावी माती

रात्रीचे साडेअकरा. वर्तकनगर.
जेवणाचं टेबल दोनदा पुसलं, तरी आमटीचा एक थेंब राहिलाच,
तो सोडून उरलेल्या जागेत मी पत्ते मांडते.
कव्हरं शेवटी घालू.
एकसष्ट आहेत. उद्या साठ लागतात.

नोएल डिमेलो महिनाभर सांगतोय,
चरईतल्या त्याच्या गॅरेजात, पालथ्या बादलीवर बसून:
माती बावीस ठेव, मृदुला. बाविसाच्या खाली उतरू नकोस.
आमच्या खेळात माती म्हणजे
जिच्यावर बाकी सगळं उभं राहतं तो पत्ता.
चित्रात नुसती ढेकळं. ना दात, ना पंख, ना मंत्र.
ती हातात नसली की सात फण्यांचा नाग
तुमच्याकडे बघत बसतो,
लाइट गेल्यावर ऑफिसातली माणसं बघतात तसा.

काय काढू?
'जळती वेस' तीन आहेत. तिसरी कधीच वेळेवर येत नाही,
पण काढून टाकली तर वाट कोणाची बघायची?
'उलटी भरती' चारही हव्यात, त्यावर चर्चा नाही.
'मुकी घंटा' एकच.
चार वर्षांत तिने मला एक डाव जिंकून दिलाय,
तोही पनवेलच्या त्या पोराला ताप होता म्हणून.
तिला उचलते, बाजूला ठेवते, पाणी पिऊन येते,
आणि ती परत आत गेलेली असते.
कोणी ठेवली, विचारू नका.

मग एक माती काढली.
एकवीस. काय फरक पडतो.
दिवसभर मी लॅबमध्ये पेशी मोजते,
आकडा इकडचा तिकडे झाला तर काय होतं
हे मला कोणी शिकवू नये.

एक वाजता घंटा काढली.
दीडला घातली.
दोनला काहीतरी काढलं, काहीतरी घातलं,
किंवा घातलं नाही.
यादी लिहिली, सुवाच्य. खाली सही,
रिपोर्टवर करते तशीच.

सकाळी झेरॉक्सच्या दुकानावरचा हॉल.
पंच मुंब्र्याची कुलसुम, चष्मा कपाळावर.
"एकोणसाठ," ती म्हणाली.
परत मोजा, म्हटलं.
तिने मोजले, सावकाश, पेशंटशी मी बोलते त्या आवाजात:
"एकोणसाठच. जो पत्ता कमी, त्याच्या जागी माती घाला."

नोएल तीन टेबलं पलीकडे. हसला नाही.
हसला असता तर बरं झालं असतं.
नुसते ओठ हलवले: माती खाल्लीस.
आणि खायलाही माती नव्हती माझ्याकडे,
जास्तीची सगळी घरी.

समोरच्या खुर्चीत माझा पहिला प्रतिस्पर्धी,
कैवल्य, वय दहा, पाय जमिनीला टेकत नाहीत.
बिस्किटांच्या डब्यातून त्याने एक माती काढून पुढे सरकवली.
कोपऱ्यात निळ्या पेनाने त्याचं नाव,
शेवटचं अक्षर कडेवरून घसरलेलं.
"घ्या काकू, माझ्याकडे ढीग आहे."

काकू!
त्याच्याच मातीवर नाग उभा केला
आणि त्याला दोन्ही डावांत हरवलं.
दुसऱ्या डावानंतर तो म्हणाला, नाग भारी आहे.

दोन फेऱ्या जिंकले, दोन हरले. सव्वीसात अकरावी.
घंटा तिसऱ्या फेरीत आली. काही झालं नाही.
माती परत द्यायला गेले तेव्हा खुर्ची रिकामी,
वडील त्याला तलावपाळीला घेऊन गेले होते.

रिक्षातून नोएलला लिहिलं:
कैवल्यची माती माझ्याकडे राहिलीये, पुढच्या रविवारी आणते.
त्याचं उत्तर एका शब्दाचं: बावीस?

घरी टेबलावर, आमटीच्या थेंबाला चिकटून,
पालथी पडलेली तिसरी 'जळती वेस'.
नखाने सोलून काढली,
तर अर्धी वेस टेबलावरच राहिली.